गाडीची डावी बाजू

भाची : इंजिन चालूच राहू दे, मामा. मी चार वायरींमधली एकेक काढून बघते. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडणार नाही, तिचा सिलिंडर मेलेला.

मामा : गेल्या महिन्यात हेच केलं होतंस. तिसरा मेलेला निघाला.

भाची : आणि मला माझ्या गॅरेजवर पळायचं होतं, म्हणून तुला फोनवरच सांगितलं. आधी प्लग बदल, मग वायर.

मामा : दोन्ही बदलले. तरी गाडी मिसिंग करतेय, आचके देतेय ती देतेच आहे. तू उगाच आलीस. उद्या गाडी घेणारा माणूस तिला न्यायला येणार आहे.

भाची : मामी, खरंच देताय?

मामी : मला कोण विचारतंय? दवाखाना बंद केल्यापासून यांचं असंच चाललंय. आधी सायकल दिली, मग घड्याळदुरुस्तीची पेटी. आता गाडी.

मामा : अगं, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून कामं केली मी. आणि एक प्लग धड बसवता येईना. हात थरथरतो, त्याला मी तरी काय करू?

भाची : थांब जरा. ही पहिली काढली, आवाज बदलला. ही दुसरी, बदलला. ही तिसरी... ऐकलंस?

मामा : काहीच फरक नाही. म्हटलं ना, मीच नीट बसवला नसणार.

भाची : मामा, तू नवी वायर कुठल्या रंगाची आणलीस?

मामा : निळी. का?

भाची : माझ्या हातात काळी आहे. निळी शेजारी बसलीय, दुसऱ्या नंबरला.

मामा : दुसऱ्या कशी? डावीकडून तिसरी म्हणालीस. मी बरोबर तिसरी बदलली.

भाची : कुणाच्या डावीकडून?

मामा : गाडीच्या. आणखी कुणाच्या?

भाची : मी गाडीकडे तोंड करून उभी आहे, मामा. माझ्या डावीकडून.

मामा : असं कुठे असतं? पेशंटची डावी ती डावी. आपल्या डावीने मोजलं तर नको तो दात हातात येईल.

मामी : ऐकलंस? लग्न झाल्यापासून कपाटाच्या डाव्या कप्प्यात म्हणतात आणि वस्तू सापडते उजव्या कप्प्यात. मला वाटायचं, माझंच डोकं ठिकाणावर नाही.

मामा : कपाटाचं तोंड आपल्याकडे असतं. त्याची डावी...

मामी : पुरे. कपाटाला कुठली दाढदुखी नव्हती.

भाची : इंजिन बंद करा आणि निवू दे. मला तू बसवलेला प्लग काढून बघायचाय.

(अर्धा तास जातो. पाना फिरल्याचा आवाज.)

मामा : काय झालं? आटे खराब केले का मी?

भाची : नाही रे. एक ओरखडा नाही. बेताचा घट्ट, सरळ. माझ्याकडची माणसंसुद्धा इतकं नेटकं बसवत नाहीत. नको त्या दातावर काम केलंस, पण काम बघण्यासारखं आहे.

मामा : मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस.

भाची : घे, हा नवा प्लग. ही वायर. माझ्या डावीकडून तिसरा. तूच बसव.

मामा : तू बसव. तुझा हात स्थिर आहे.

मामी : अहो, ती मुलगी देतेय ना? घ्या.

मामा : जरा बाजूला व्हा दोघी, उजेड अडतोय. हं. आधी बोटांनीच फिरवायचा, जबरदस्ती नाही करायची... बसला. वायरही बसली. लाव चावी.

भाची : लावली. ऐक आता.

मामी : अगंबाई, हिचा आवाज असा असतो होय? मी विसरलेच होते.

मामा : त्या माणसाला फोन कर. म्हणावं, येऊ नका.

मामी : करते. पण तुमचे हात बघा, केवढे थरथरताहेत.

मामा : थरथरू देत. कामाला येतात अजून.