उलटा भरलेला धक्का

बंदरात काही अडलं की अजून माझा हात आप्पांना फोन लावायला जातो. खरं तर आमच्या आप्पांनी समुद्र कधी पाहिला नाही. आमचं गाव धारूरजवळ. दुष्काळात ऊसच नव्हता, तेव्हा सहकारी कारखान्याच्या ट्रकवर टाक्या चढवून वस्त्यांना पाणी जायचं. त्या खेपा आप्पा ठरवायचे.

मी बंदरात नवा होतो. जहाजातून उतरलेला कंटेनर जवळच्या कुठल्या रांगेत ठेवायचा, हे कॉम्प्युटर अंतर मोजून सांगायचा. त्यासाठी धक्क्याची मापं मीच भरली होती. पहिलंच जहाज लागलं आणि सगळे ट्रक पार दुसऱ्या टोकाला पळायला लागले. साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही, तर सरळ गावी जा."

घाबरून आप्पांना फोन लावला.

"मापं कुठनं घेतली?"

"नकाशावरून."

"आमच्या कागदावर बी गाव वेशीपाशीच संपायचं. वस्ती पुढं दोन कोस. मी चालत जाऊन मोजलं, तवा पाणी पोचलं. तू का चालला न्हाईस?"

गेलो. जहाज बांधायच्या खांबांवरचे आकडे दक्षिणेकडून सुरू होत होते, नकाशातले उत्तरेकडून. अख्खा धक्का मी उलटा भरला होता! आकडे फिरवले, तसे ट्रक जवळच्या रांगेकडे वळले.

आनंदानं पुन्हा फोन केला. "आप्पा, सापडलं!"

"किती चालावं लागलं?"

"तीनशे मीटर."

आप्पा म्हणाले, "आन् एवढ्यासाठी मला फोन केलता?"