काचेवरचं कुंकू

इचोड्याच्या चार्जिंग स्टेशनपाशी नीलिमा आपल्या पाळीची वाट पाहत होती. पुढे बासरच्या देवळातून पूजा करून आणलेली, हार घातलेली नवी गाडी होती. तिच्याजवळ नवरा-बायकोचं चाललं होतं.

"गाडी काऊन बोंबलून राह्यली?"

"मायनं काचेवर कॅमेऱ्यासमोरच कुंकू लावलं. गाडीले पुढचं दिसत नाही. आता ती आपोआप ब्रेक नाही लावनार."

"पुसा मंग."

"बासरचं कुंकू? माय मांगं बसून पाहून राह्यली."

"माह्या बहिनीच्या, वृषालीच्या गाडीत रडारबी हाय. कॅमेरा झाकला तरी तिले दिसते."

"ते महागाच्या गाडीत असते."

"मंग तेच काऊन नाही घेतली?"

"तेवढ्याच पैशात छत उघडनारी भेटली. तूच म्हनली, पोरगी हौसेनं उभी राहीन."

बायकोनं छतातून बाहेर उभ्या पोरीकडे वर पाहून हाक मारली.

"अर्पिता, खाली बस माय. पट्टा लाव."