मिलिंदभाऊच्या गिटारची दांडी

जमलेल्या सगळ्यांना जय भीम.

मी अनिल. अकोल्याला वाद्यं दुरुस्त करतो. मला भाषण येत नाही, आणि आज तर बोलण्याचं त्राणही नाही. म्हणून जे माझ्या हातचं आहे तेच आधी सांगतो. मिलिंदभाऊच्या फोटोशेजारी ही गिटार ठेवली आहे. तिच्या मानेवर तारा जिथून जातात ती हाडाची पट्टी मी घासली. खाली तारा जिथं अडकवतात त्या ब्रिजचा पितळी ठोकळा मी कापला. ब्रिजला लावलेली ही दांडी मी केली, स्टीलच्या सळईची, लेथवर आटे पाडून. पाठीतल्या स्प्रिंगा मी बसवल्या. कुणी शिकवलं नाही. उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून शिकलो.

वाजवली मात्र त्यानं. नांदगाव पेठेच्या गिरणीत मेकॅनिकची ड्यूटी करायची आणि सुटी झाली की भीमगीतांच्या पार्टीत उभं राहायचं. गेल्या आठवड्यात ड्यूटीवरून घरी आला, छातीत दुखतं म्हणाला, आणि गेला.

ही दांडी कशासाठी? तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलंय. गाणं थांबता थांबता तो दांडी दाबायचा आणि सूर असा खाली वाकायचा, की मागच्या रांगेतल्या बायाही मान वर करायच्या. पण वाकलेला सूर परत जागेवर यायला पाहिजे. तिथंच सगळं काम आहे. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि ब्रिज मधे तरंगतो. तराजूसारखा. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. म्हणून सगळ्या लावायच्या, स्प्रिंगचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा सगळ्या लावायच्या. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. लोक म्हणायचे, ब्रिजखाली लाकडाची पाचर ठोका आणि मोकळे व्हा. मिलिंदभाऊ म्हणायचा, "पाचर ठोकाची तं दांडी काहून ठेवाची?"

एकदा उन्हाळ्यात धामणगाव रेल्वेला कार्यक्रम होता. मी गिटार लावून दिली होती. भर कार्यक्रमातून याचा फोन.

"अनिल, तू काय करून ठेवलं बे? एक तार जागेवर नाही!"

"माह्या हातून गेली तवा बरोबर होती."

"मंग काय इथं भूत पिळून राहिलं खुंट्या?"

दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन तो दुकानात हजर. मी गिटार उघडली. हाडाच्या खाचा साफ, ब्रिजची धार साफ, स्प्रिंगा जागेवर. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की मला झोंबतं. आम्ही दोघं भांडायला लागलो. वहिनी स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "जेवाले बसले तवा कूलरसमोर ठेवली होती यायनं. म्हणे, इले उकडून राहिलं. तिथंच लावून घेतली."

घ्या! कूलरची ओली हवा लाकडानं पोटभर प्यायली, तिथंच यानं तारा लावल्या, आणि मग तिला मांडवातल्या कोरड्या झळीत नेलं. मान हलली, तराजू गेला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माया केली बे मी तिच्यावर."

त्यानंतर तो कार्यक्रमाआधी गिटार मांडवात नेऊन ठेवायचा आणि शेजारी चहा पीत बसायचा. पार्टीतली पोरं चिडवायची, "भाऊ, गिटार हाये का हळदीची नवरी?" आणि गिटार लावायला तो आला की मीही दुकानातला कूलर बंद करायचो. दोघं घामानं निथळत बसायचो. आता कूलर चालूच राहील. कुणासाठी बंद करू?

थकलोय हो मी. आवरतो.

परवा वहिनींनी मला घरी बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, गिटारले गिऱ्हाईक आलं हाये. अर्धी तं तुमीच घडवली. तुमीच ठरवा." मी म्हटलं, हातात घेणारं घरात कुणी नसेल तर विकू. भिंतीवर टांगून ती मरते. तेव्हा प्रज्ञा उठली. ही मिलिंदभाऊची मुलगी, बँकेत नोकरीला आहे. बापाच्या माघारी हिनं गिटार कधी धरली, मला ठाऊक नव्हतं. तिनं दांडी पूर्ण दाबली, सोडली, सगळ्या तारा छेडल्या आणि कान दिला.

"काका, तिसरी तार थोडी वरच्या सुरात परतली."

मी म्हटलं, "नाही."

"पुन्हा ऐका."

पुन्हा ऐकलं. तार वर होती. केसाएवढी, पण वर होती. मला ऐकू आली नव्हती.

"कुठं अडकते?" मी विचारलं.

"हाडाच्या खाचेत. बाबा पेन्सिलचं शिसं लावत."

तिनंच शिसं घासलं, तार लावली, दांडी दाबली, सोडली. बरोबर जागेवर. मी विचारलं, "गिऱ्हाइकाले काय सांगू, वहिनी?" वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मंग आता मले काय इचारता?"

सभा संपताना आपण दोन मिनिटं उभे राहू. प्रज्ञा आधी एकदा तारा छेडेल. तो नाद पार विरेपर्यंत कुणी खोकूही नका, आणि मग गप्प राहा. मिलिंदभाऊ, माझा अखेरचा जय भीम.

बसण्याआधी एक. ज्यांनी गिटार मागितली ते गृहस्थ इथं आलेत, त्यांचे उपकार आहेत. वहिनींच्या आणि प्रज्ञाच्या वतीनं त्यांना सर्वांसमक्ष सांगतो, गिटार विकायची नाही. त्यांनी साठ हजार देऊ केले होते.