राबाची झाडं आणि कालव्याची रेघ

आमचं गाव शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या अंगाला, आमी कुणबी, भात आन थोडी नाचणी, आणि माझा बाप उन्हाळ्यात कोयता घेऊन ऐनाच्या झाडावर चढायचा, राबासाठी कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडायला. तुमाला राब म्हणजे काय ते सांगायला लागंल, तर भाताचं बी पेरायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, वरून माती असं अंथरायचं आणि पेटवून द्यायचं, त्या भाजलेल्या जमिनीत रोप जोमानं येतं, आमच्याकडं राब नाय तर भात नाय. मी खाली उभी राहून डहाळ्या गोळा करायची आणि बाप वरून ओरडायचा, गो, डोक्यावर घेशील, सर मागं. कल्याणच्या कॉलेजात बॉटनी घेतली तवा मॅडम फळ्यावर एका झाडाचं लांबलचक लॅटिन नाव लिहायच्या आणि मी मनात म्हणायची, अगं बाई, हा तर आमचा ऐन.

आता बॉटनी शिकून पोरीनं काय करायचं, तर बाप म्हणे डी.एड. कर आणि शाळेत लाग, आई म्हणे लग्न कर, आणि मी तोंडाळ, मी दोघांचं ऐकलं नाय. ठाण्याला इंजिनियर लोकांची एक कंपनी होती, कालवे, रस्ते, छोटी धरणं यांची डिझाइनं करायची, तिथं टायपिंगला लागले. ही नव्वदनंतरची गोष्ट. मंग नियम निघाला की प्रकल्पाच्या रिपोर्टात झाडाझुडपांचं, जनावरांचं एक प्रकरण पायजे, तवा आमचे मालक, कर्णिकसाहेब, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, म्हणाले तू झाडांचं शिकलीस ना, लिही दोन पानं. मी म्हटलं जागा बघितल्याशिवाय काय लिहू. म्हणाले मागच्या रिपोर्टातलं उतरव, नदीचं नाव तेवढं बदल. मी म्हटलं मला जमायचं नाय. असा राग आला साहेबांना, पण जीप दिली. मनानं वाईट नव्हते ते.

तर अशी मी त्या कंपनीतली झाडवाली झाले. सगळे तेच म्हणायचे, झाडवाली आली, चहात पाला टाकेल. हसायचे, हसू दे, पण नोकरी पक्की नव्हती बगा, दर वर्षी कागद नवा व्हायचा, आणि दर वर्षी मार्च आला की मी साहेबांच्या केबिनकडं बघत बसायची. इंजिनियरला कोण काढणार, पण झाडवाली नसली तर कंपनीचं अडतंय काय. बाप विचारायचा, ठेवली का गो या वर्साला, आणि मी म्हणायची ठेवली, आणि तो पुढचा घास घ्यायचा.

मंग मुरबाडकडचं ते काम आलं. डोंगराच्या कुशीतून कालवा जायचा होता आणि आमच्या पाटणकरांनी, म्हणजे सर्व्हेचे मोठे इंजिनियर, त्यांनी समोरच्या टेकडीवरून मापं घेऊन रेघ मारली होती, आणि रेघेखाली लिहिलं होतं, झुडपी जमीन, झाडं नाहीत. साहेब म्हणाले, यावर तुझी सही कर, क्लायंट घाईत आहे, हे नीट पार पडलं तर तुला मी पर्यावरणाचा वेगळा विभाग काढून देतो, पक्की नोकरी. काय सांगू तुमाला, पक्की हा शब्द ऐकून माझे कान तापले. पण मी म्हटलं एकदा बघून येते.

जाऊन बघते तर काय, सगळी वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन, ऐनानं भरलेली, फक्त कवळ तोडलेली, फाल्गुन होता ना, एकेक झाड बोडकं, खांबासारखं उभं. लांबून बघणाऱ्याला झुडपंच वाटणार, पाटणकर कोकणातले असते तर त्यांनाही कळलं असतं, ते पडले नागपूरकडचे, त्यांनी राब कधी बघितला. पण कालवा तिथून गेला तर खाली जो पाडा होता त्याची राबाची झाडं सगळी जाणार, आणि कागदावर झाडं नाहीतच, म्हटल्यावर भरपाई कसली. मंग मी गेरू कालवला आणि दिवसभर एकेका ऐनाला पट्टा मारत सुटले, एक झाड दोनदा मोजायला नको म्हणून. पाड्यातली माणसं लांबून बघत होती, कोणी बोललं नाय, मी पण कामाच्या नादात. आन दुसऱ्या दिवशी कर्णिकसाहेब क्लायंटच्या माणसाला घेऊन जागा बघायला येणार होते.

सकाळी माझी जीप चढावर आली आणि मला कुऱ्हाडीचा आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, लाकूड तोडतायत कोणतरी. मी धावले. बघते तर काही ऐन आडवे पडलेले, मी पट्टा मारलेलेच, आणि बाया डहाळ्या ओढतायत, बाप्ये दुसऱ्या झाडाला भिडलेले. मी किंचाळले, अरे थांबा रे, मुडद्यांनो, काय करताय! तशा त्या माझ्याभोवती गोळा झाल्या, कोयते हातात, आणि त्यांच्यातली कर्ती बाई, जानकी तिचं नाव, ती पुढं आली, म्हणाली, तू फॉरेस्टची ना? पट्टा मारला म्हंजे झाड कुपात गेलं, तोडीच्या यादीत, ठेकेदार नेनार, मंग आमी का सोडू, जातंय ते निदान आमच्या चुलीत जाऊ दे. आमचे बाप, आजे ह्याच झाडावं चढले, आन तू रंग लावून गेलीस, ना इचारलंस ना पुसलंस.

ड्रायव्हर मागून म्हणतोय, मॅडम, चला, बसा गाडीत, पण मी जानकीकडं वळले. मी म्हटलं, मी फॉरेस्टची नाय गो बाय, मी डोळखांबकडची कुणब्याची, माझा बाप कवळ तोडतो. जानकी म्हणाली, मंग पट्टा का? म्हटलं मोजायला. कशाला मोजायला? म्हटलं साहेबाला दाखवायला, की इथं झाडं हायेत. तर ती म्हणते, का, साहेबाला डोळे नाय? आणि त्या सगळ्या हसल्या, मी पण हसले आणि तिथंच खाली बसून रडले, पडलेल्या झाडाला हात लावून, कारण माझ्या हातचा रंग होता त्यावर.

मंग मी सगळं सांगितलं. कालव्याची रेघ इथून आहे, झाडं दाखवली तर रेघ पाड्याच्या खाली सरकंल, पण खाली सरकली तर पाणी तुमच्या खाचरांवर चढणार नाय, कालवा वरून गेला तर थोडं तरी मिळंल. हे मी लपवलं नाय, तोंडावर सांगितलं. पाड्यातले चारचौघं बाजूला जाऊन बोलले, कुजबुज, आवाज चढला, एक म्हातारा तर उठून घरी गेला. जानकी परत आली, म्हणाली, पानी देतो म्हननारे लय येऊन गेले बाये, ऐन लावून देतो म्हननारा कोन आला नाय. राब पायजे. आन तुझा रंग पूस, झाड कुनाचं ते आमाला ठावं हाय, साहेब आला की ज्याचं झाड त्यो त्याला धरून उभा ऱ्हाईल.

आणि उभे राहिले हो. प्रत्येक घराची आपापली झाडं ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची, बाई उभी, बाप्या उभा, माणसं कमी पडली तर शेजारच्या दोन झाडांना हात टेकून उभी. ऊन डोक्यावर, कोणी हलंना. साहेबांची गाडी आली. उतरले, डोळ्यावर हात धरून बघत राहिले, सगळी टेकडी माणसांनी भरलेली, पाटणकर पण सोबत, क्लायंटचा माणूस घड्याळ बघतोय. साहेब मला म्हणाले, हे तू जमवलंस? मी म्हटलं नाय साहेब, ही ज्याच्या त्याच्या झाडाशी उभी आहेत. क्लायंटचा माणूस भडकला, म्हणाला खर्च वाढणार, तुमची ही मुलगी कोण. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि पाटणकरांना म्हणाले, रेघ परत काढा. आणि मला गाडीत बसताना म्हणाले, विभागाचं विसर, तुझी खुर्ची राहिली तरी नशीब समज.

तो मार्च काढला कसा ते माझं मला माहीत. टेलिफोन वाजला की मी हातातलं टाकून उठायची, बापाला काही बोलले नाय. शेवटी कागद आला, सहा महिन्यांचाच, मंग पुन्हा सहा, आणि विभाग मिळायला पुढं वर्षं गेली, पण मिळाला. आता माझ्या हाताखाली तीन पोरी आहेत, त्यांना जीपमध्ये बसताना मी एकच सांगते, रंगाचा डबा घरी ठेवा, आधी पाड्यात जाऊन बसा. पाटणकर रिटायर होताना मला म्हणाले, तुमच्यामुळं माझी रेघ वाकडी झाली. मी म्हटलं, डोंगर वाकडा आहे, मी काय करू.

मागच्या उन्हाळ्यात त्या पाड्यावर गेले होते. ऐन तसेच, कवळ तोडलेले, राब भाजून झालेला. जानकी म्हातारी झाली, डोळ्यांना कमी दिसतं. तिची सून डोक्यावर हंडा घेऊन चढावरून आली, घामाघूम, खालच्या कालव्यावरून भरलेला, विहीर आटली होती. मला बघून तिनं हंडा उतरवलाच नाय, तशीच उभी राहून म्हणाली, ताई, कालवा आमच्या वरून जानार व्हता म्हनं, तुमी खाली नेला? मी हंड्याला हात द्यायला पुढं झाले. तर आतून जानकीचा आवाज, मी नेला, तिनं नाय, झाडाला धरून मी उभी व्हते, ती नव्हती. तिला कशाला बोलतेस? उनाची आलीय ती, हंडा उतरव आन आधी तिला पानी दे.

सुनेनं त्याच हंड्यातनं तांब्या भरून दिला. खालच्या कालव्याचं ते पाणी, मी प्यायले, सगळं प्यायले.