सर्वपित्रीची मुदत

...आणि वर श्यामराव म्हणतात कसे, "पितृपंधरवड्यात सही? अहो, सही म्हणजे काय खेळ आहे?" आता तुम्हाला सांगतो, खडकीतला वडिलांचा रबरी वॉशरचा कारखाना, श्यामराव आणि धाकटा भाऊ सौमित्र, दोघांचे सारखे शेअर. बंगलोरच्या बड्या कंपनीनं तो विकत घेतला. म्हणाली, निम्मी रक्कम रोख, निम्म्याचे आमचे शेअर. काय हवं ते सही करून कळवा, दोघांनी रोख मागितली तर अर्धी-अर्धी, एकानंच मागितली तर सगळी त्याला. कळवलं नाहीत तर नुसते शेअर घ्या, आणि वर्षभर विकू नका! इतकं स्वच्छ! पण मुदत संपत होती सर्वपित्रीला... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय!

"अहो, करा की सही!" सुहासिनीवहिनी रोज म्हणायच्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन याच पैशावर ठरलेलं, डॉक्टरांची तारीखसुद्धा घेतलेली! भिंत धरधरून बिचाऱ्या चहा आणायच्या, आणि हे? "घटस्थापनेला करू. सौमित्रही तेच म्हणतो."

तेच म्हणतो! "दादा, तू मोठा. पितरांचे दिवस, त्यातून बाबांच्या कारखान्याचा कागद... घाई नको रे!" डोळे पुसले हो मेल्यानं! आणि पक्ष सुरू झाला त्याच दिवशी, प्रतिपदेला, स्वतःची सही ठोकून मोकळा! जाऊ दे, आपल्याला काय करायचंय!

घटस्थापनेला श्यामराव अंघोळ करून, पेनाला हळदकुंकू वाहून बसले आणि फोन लावला. पलीकडून पोरगी, "सर, डेडलाइन काल ओव्हर झाली ना... सगळी कॅश तुमच्या ब्रदरना गेली. तुम्हाला फुल स्टॉक! काँग्रॅच्युलेशन्स!" काँग्रॅच्युलेशन्स म्हणे! वहिनी एवढंच बोलल्या, "डॉक्टरांना विचारा, एका गुडघ्याला किती शेअर घेतात."

शेअर दिवाळीच्या आत निम्म्यावर! वहिनी आता खुर्ची ढकलत ढकलत स्वयंपाकघरात जातात. बघवत नाही हो! तर रविवारी सौमित्र हजर. खाली नवी गाडी, हातात काठी. "वहिनी, खास तुमच्यासाठी! लक्ष्मी रोडवरनं आणली!" आपल्याला काय करायचंय म्हणा, पण तोंड बघायला हवं होतं त्याचं!

श्यामरावांनी फक्त पावती मागून घेतली. दुसऱ्या दिवशी काठीसकट दुकानात. "ही परत घ्या, पैसे द्या." दुकानदारानं मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं... 'रोख परत मिळणार नाही. बदली वस्तू घ्यावी.'

घेतल्या. कुबड्या घेतल्या. वरचा फरक तेवढा रोख भरावा लागला.