सूर्याच्या घरातलं कुंकू

वीज गेली, बरंच झालं मंडळी! समईच्या उजेडात तुमचे चेहरे तरी नीट दिसतात. मग या समईच्या साक्षीनं एक विचारतो – ज्या दिव्याचा उजेड आपल्याला दिसणार नाही, तो दिवा लावायचा का? लगेच माना डोलावू नका. आधी ऐका.

एक होत्या नेवगीबाई. मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. काम काय? तर सूर्याच्या पोटात जे चालतं, ते इथं जमिनीवर करून बघायचं! सूर्यात हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि तेज बाहेर पडतं. ते साधलं तर धूर नाही, कोळसा नाही, समुद्राच्या पाण्यातून इंधन. पण ते तेज धरायचं कशात? सगळीच भांडी वितळणार! म्हणून चुंबकानं अधांतरी धरायचं, बांगडीच्या आकाराच्या पोलादी पोकळीत. कितीतरी वर्षं सगळे म्हणताहेत, येतंय, येतंय. आपल्या गावच्या नळाला पाणी येतंय ना, तसंच!

बाईंचा सगळा जन्म त्या बांगडीपाशी गेला. लहानपणी आई कंदिलाला आधी कुंकू लावायची, मग काडी ओढायची. बाईंना एकच आस – निवृत्तीआधी तो सूर्य एकदा पेटलेला, क्षणभर टिकलेला बघायचा.

खंडेनवमी आली. यंत्राला बाहेरून हार, हळदकुंकू. मंडळी प्रसादाला गेली. शेवटचं झाकण लावायचं राहिलं होतं. बाईंनी हातमोजा काढला… आणि आतल्या भिंतीला कुंकवाचं बोट लावलं.

अहो, त्या पोकळीत बोटाचा ठसासुद्धा चालत नाही! तापलं की त्यातलं तेलकट सुटतं आणि तेज विझतं. हे सगळ्यांना शिकवलं कुणी? बाईंनीच! पण माया अशीच असते. जिथं जपायचं, तिथंच हात लावते.

झाकण लागलं, आतली हवा काढली. सूर्य पेटला – आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. कुठून हवा आत शिरते, म्हणून सगळे गळती शोधू लागले. झाकणाचा जोड बसवला होता अस्लम तांबोळीनं, बाईंच्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर. तो बिचारा जेवेना. चूक माझीच, म्हणू लागला.

बाई गप्प राहिल्या असत्या तर? डाग हळूहळू जळूनही गेला असता कदाचित. आशा होती हो! पण अस्लमचा चेहरा त्यांना बघवेना.

"अस्लम, तुझा जोड चांगला आहे. आत माझं बोट लागलंय. उघडा."

"बाई, उघडलं तर सगळं धुऊन, तापवून, पुन्हा हवा काढेपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल."

"यंत्र तर राहील ना?"

उघडलं. पुसलं. बाई घरी गेल्या. रोज तिन्हीसांजेला अंगणात बसायच्या, मावळत्या सूर्याकडे बघत. एका संध्याकाळी अस्लमचा फोन आला.

"बाई, टिकलं. पापणी लवून उघडेल एवढंच, पण टिकलं."

"रंग कसा होता रे?"

"कडेला गुलाबी. मधे काही दिसतच नाही. जिथं सगळ्यात जास्त तापतं, तिथं डोळ्यांना रिकामंच वाटतं."

बाई रडल्या. "मला बघायचं होतं रे," म्हणाल्या. मग विचारलं, झाकणाला कुंकू लावलं होतं का? तो म्हणाला, "लावलं. तुमच्या नावानं. बाहेरून."

त्या पापणीएवढ्या सूर्यावर अजून एक बल्बही पेटलेला नाही, मंडळी. पेटेल तेव्हा बाई नसतील, कदाचित तुम्ही-आम्हीही नसू. तरी त्यांनी झाकण उघडायला लावलं. बोट मागं घेणं हीच त्यांची पूजा झाली.

आणि आपण? देवाला पंखा दिला, तर पात्यावर आपलं नाव! फिरायला लागला की वाचता येत नाही, तरी नाव हवंच!

हसलात? हसा. पण ही समई बघा, वात मंदावली आहे. कुणीतरी उठा, तेल घाला. आम्ही सगळे डोळे मिटतो. कुणी घातलं, ते आम्हाला कळू देऊ नका.