काळजीची वेळ

हृदयाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. समोरच्या बाकावर एक गृहस्थ ताटकळत बसले होते. त्यांची पंचविशीतली मुलगी तपासणीच्या खोलीतून बाहेर आली.

"झालं?"

"झालं. हृदय ठीक. रक्तदाब ठीक. साखर ठीक."

"हुश्श! माझाच जीव टांगणीला लागला होता. ईसीजीच्या त्या चिकट पट्ट्यांचा त्रास झाला का गं?"

"मी नर्सबाईंना सांगितलं, मला ऑटिझम आहे, कुणी हात लावलेला सहन होत नाही. त्यांनी जागा दाखवल्या, पट्ट्या मीच लावल्या."

"शाब्बास! आणि तू वाचलेल्या त्या ऑटिझमवरच्या लेखाचं विचारलंस?"

"विचारलं. आमच्यासारख्यांना हृदयविकाराचा धोका थोडा जास्त असतो, हे खरं आहे."

"अरे देवा."

"घाबरू नकोस, बाबा. डॉक्टर म्हणाले, दिवसभर पुस्तकबांधणीचं काम करत एका जागी बसतेस, तेवढं बदल. रोज अर्धा तास चाल."

"मग आता मिटली ना काळजी?"

"मिटली. पण एक अडचण झाली आहे."

"आता काय?"

"रोज संध्याकाळी सात ते साडेसात मी हार्ट अटॅकची काळजी करायचे. ती वेळ आता रिकामी पडली."

"मग त्या वेळात माझ्याबरोबर फिरायला ये."

"तू सारखा बोलतोस."

"नाही बोलणार."

"शेजारचे काका भेटले तरी?"

"नुसती मान हलवीन."

"मग चालेल."

"चालेल, की चालशील?"

"दोन्ही."